परवानगीचा मोबदला

पिसाक गावाच्या वरच्या डोंगरात नासारिया म्हातारीकडे बटाट्याची जुनी वाणं जपणाऱ्या संस्थेची पोरगी कागद घेऊन आली. "आजी, तुमच्या घरचा 'सूनरडवा' बटाटा आमच्या थंड कोठीत चाळीस वर्षं जपलाय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय त्यावर संशोधन करायचं नाही, अशी आमची रीत. या रीतीसाठी सरकारनं आम्हाला मान्यतापत्र दिलंय."

"विचारायचं असतं हे कळायला सरकार लागलं होय गं!" म्हातारी हसली. तिनं डोंगरदेवाला विचारायला कोकाच्या झाडाची तीन पानं जुळवून डोंगराकडे फुंकर घातली, डोंगराची हरकत नाही म्हणाली, आणि सांगतच सुटली. "सासूनं मला तो सोलायला दिला ना, इतक्या गाठी त्याला, की सोलून होईस्तोवर मला दोन पोरं झाली! एकदा त्याच्यावर गारा पडल्या, तर गाराच फुटल्या!"

पोरीनं हसतहसत शेवटचा रकाना काढला. "परवानगीच्या बदल्यात काय हवं, आजी? खालच्या गावानं छपराचे पत्रे मागितलेत."

म्हातारीनं आसपास कुणी नाही ना ते बघितलं. मग पोरीच्या कानाशी वाकली.

"तुमच्या कोठीतलेच सात बटाटे दे, बियाण्याला. आमचे गेल्या हिमात सगळे करपले. गावात अजून कुणाला सांगितलं नाही मी."