आठ वाजताचं धुकं

"समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?" मी रागानं लिहिलं. तीन वर्षं मोबाइलवर कॅमेऱ्यातून थेट, फुकट दिसणाऱ्या किनाऱ्याचे पुढच्या महिन्यापासून पन्नास रुपये पडणार होते. माझ्या कमेंटखाली सातशे जणांनी याहून वाईट लिहिलं.

नागपुरात बसून मी रोज चहाबरोबर त्या लाटांत विरघळायचे. बरोबर आठला पडद्यावरून निळसर धुकं सरकायचं आणि समुद्र नुकता न्हाल्यासारखा लख्ख व्हायचा. "आलं धुकं!" असं लिहून आम्ही अनोळखी माणसं सुप्रभात म्हणायचो.

त्या भांडणानंतर चार दिवस धुकं आलं नाही. लाटा पुसट होत गेल्या. "पैसे दिले नाहीत म्हणून अंधुक दाखवता?" मी पुन्हा भांडले.

पाचव्या सकाळी धुकं आलं, पण थरथरत. ते बाजूला सरलं आणि एक दमलेला चेहरा दिसला. शिडीवर उभी राहून ती बाई निळ्या पदरानं कॅमेऱ्याच्या काचेवरचं मीठ पुसत होती.

"चार दिस ताप हुतो," ती धापा टाकत म्हणाली. "आता दिसता मा?"

मी पैसे भरले. माझं पहिलं वाक्य खोडलं आणि लिहिलं, "सावकाश उतरा. शिडी ओली असेल."