पेशंटसमोरचा शब्द

रिपोर्ट वाचून डॉक्टर शेजारच्या ज्युनिअरला म्हणाले, "मायटॉटिक."

आईचा चेहरा खुलला. "बघ, कॅन्सरचं नावसुद्धा नाही काढलं त्यांनी!"

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेशंटसमोर कॅन्सर म्हणायचं नाही, मायटॉटिक म्हणायचं, हे तिला मेडिकल कॉलेजात पहिल्याच राउंडला शिकवलं होतं. तेव्हापासून कितीतरी खाटांपाशी तिनं तो शब्द ऐटीत वापरला होता.

तिला आपल्यातलीच समजून डॉक्टरांनी डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं.

"खुणा कसल्या करता?" ती कडाडली. "आजार तिला झालाय. तिला कळेल असं सांगा!"

डॉक्टरांनी रिपोर्टात डोकं खुपसलं.

आईनं लेकीचा हात घट्ट धरला. "काय झालंय गं मला? तूच सांग."

शलाकानं मोठा श्वास घेतला. तोंडून निघालं, "मायटॉटिक."