चाळीसच्या वर

साडेआठ वाजले तरी फाटकापाशी सतराच सायकली होत्या. व्हॉलीबॉलच्या सरांनी त्या तिसऱ्यांदा मोजल्या. मोजून वाढत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, पण पाय एका जागी ठरत नव्हते.

"सर, टेका की जरा," क्रीडा संकुलाचा रखवालदार म्हणाला. "तुमच्याकडे बघून मलाच धाप लागतेय."

सायकल स्टँडसाठी पाहणी करायला क्रीडा खात्याच्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. आठ ते पाच, दर तासाला मोजणी. आकडा चाळीसच्या वर गेला तरच छप्पर आणि पहारेकरी मिळणार होता. नाहीतर आहे तेच, म्हणजे सायकल कुंपणाला टेकवा आणि देवाचं नाव घ्या.

महिन्याभरात दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. दुसरी संघाच्या कॅप्टनची. "आता नवी सायकल नाही आणि खेळही नाही," तिच्या आईने ठणकावून सांगितलं होतं. आणखी दोघींच्या घरी तीच भाषा सुरू झाली होती. संघात मुली आठ. तिघी गेल्या की उरणार पाच, आणि पाच जणींचा संघ होत नाही. अकरा वर्षं जिवापाड मेहनत घेऊन उभा केलेला संघ सायकलींपायी मोडणार, या विचाराने सरांची झोप उडाली होती.

म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लबाडी करायची ठरवलं. आज सराव बंद. आठही जणींनी ओळखीपाळखीच्या घरांतून मिळेल ती सायकल आणायची, इथे लावायची, पायी परत जायचं आणि दुसरी आणायची.

"सर, पकडले गेलो तर?" कॅप्टनने सकाळीच विचारलं होतं.

"ते मी बघून घेईन. तुम्ही फक्त पायडल मारा."

अकरा वाजता आकडा एकतीसवर गेला. धार लावायचं चाक बसवलेल्या एका सायकलीपाशी बाई थबकल्या.

"ही कोणाची?"

"धारवाल्या काकांची," सर म्हणाले. "ते चालायला येतात इथे."

"सायकलवर बसून?"

"येतात सायकलवर. मग चालतात."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि सायकल मोजून घेतली. सरांना दरदरून घाम फुटला. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

मोजणी झाली की बाई हातात कागद घेऊन सगळ्या आवाराला चक्कर मारत. व्यायामशाळा, टेबल टेनिसची खोली, मागची पायवाट, मैदान. आपलं बिंग फोडायला फिरताहेत की काय, या धास्तीने सर दहा पावलं मागून चालत. मैदानाशी त्या दर वेळी थांबत आणि काहीतरी लिहीत. तिथे एकही सायकल नव्हती, म्हणून सरांना हायसं वाटे. शिवाय बाईंची पाठ वळली की फाटकातून आणखी दोन-तीन सायकली आत येत.

दुपारी बाईंनी फाटकाजवळच्या भिंतीला टेप लावली. भंगार पडलेली ती अरुंद पट्टी सरांनी केव्हाच मनाशी नक्की केली होती.

"इथेच होईल ना स्टँड?"

"ते आकड्यावर ठरतं. तुम्ही व्हॉलीबॉल शिकवता ना?"

"हो."

"रोज?"

"रोज. एका दिवसाचा खाडा नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप गुंडाळली.

पाचच्या शेवटच्या मोजणीला आकडा त्रेपन्न झाला. चालून चालून मुलींच्या पायांत गोळे आले होते. सगळ्या सायकली ज्याच्या त्याला पोचवता पोचवता अंधार पडला, पण कुरकुर एकीनेही केली नाही. "स्टँड झाला तर पाठवीन," कॅप्टनची आई चक्क कबूल झाली.

त्यानंतरचे आठ दिवस सरांनी टपालाची वाट पाहण्यात घालवले. घरी बायकोने विचारलं, "परीक्षा तुमची आहे की मुलींची?" त्यावर त्यांना हसूही आलं नाही.

नवव्या दिवशी पत्र आलं. मुली सराव अर्धवट टाकून धावत आल्या. कॅप्टनने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं, "सत्तर सायकलींचा छप्पर असलेला स्टँड पहारेकऱ्यासह मंजूर. काम सोमवारपासून सुरू."

एकच गलका उडाला. एकीने तर रखवालदाराचीच टोपी हवेत उडवली. सरांचे डोळे भरून आले. संघ वाचला होता.

"अजून एक कागद आहे," कॅप्टन म्हणाली आणि वाचता वाचता मध्येच थांबली.

सरांनी तिच्या हातातून तो घेतला.

"फाटकाजवळची पट्टी इतक्या सायकलींना अपुरी आहे. निश्चित केलेली जागा: व्हॉलीबॉलचे मैदान. पाहणीच्या दिवशी दहा वेळा तपासणी केली असता, तेथे एकदाही कोणी खेळताना आढळले नाही."