बुधवारी शून्य किल्ल्या

तिसरा विद्यार्थी बोलून खाली बसला तरी कुलूपवाल्याला अजून काहीही समजलं नव्हतं. काम छान चाललं होतं. मागच्या रांगेतून बायकोने नजरेनेच विचारलं, त्याने हळूच मान हलवली. काही नाही. आता एकच मुलगी बोलायची राहिली होती.

पहिल्या रांगेतली ही खुर्ची त्याला मामांनी ठेवलेली. मामांनी अडतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि जाताना सगळी पुंजी कॉलेजच्या नावे करून गेले. तिच्या व्याजातून संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांची फी भरायची आणि दरवर्षी विद्यार्थ्यांची परिषद भरवायची. अट एकच. परिषदेत भाच्याने पूर्ण वेळ बसायचं आणि शेवटी वकिलांपुढे 'समजलं' किंवा 'नाही समजलं' एवढंच सांगायचं. त्याचा शब्द अखेरचा. सलग तीन वर्षं नाही समजलं, तर सगळी ठेव भाच्याची. मृत्युपत्रात कारणही होतं: 'जे शास्त्र माझ्या भाच्याच्या डोक्यात शिरत नाही, त्यावर खर्च करण्यापेक्षा भाचा काय वाईट.'

पहिली दोन वर्षं त्याला अगदी प्रामाणिकपणे काही समजलं नाही. हे तिसरं. ठेव आली की दुकान गल्लीतून मोठ्या रस्त्यावर न्यायचं नवराबायकोचं ठरलं होतं, जागाही बघून झाली होती. उगाच धोका नको म्हणून या वेळी त्याने कानात कापूस घातला होता. तिकडे विभागप्रमुख बाईंनी मुलांना बजावलं होतं, कुलूपवाल्याला कळेल असंच बोला. त्या धसक्याने मुलं आणखीच अवघड बोलत होती. एकाने सोपं व्हावं म्हणून टोपलीभर रंगीत चेंडू आणले, ते स्टेजवरून घरंगळले आणि त्याचा निम्मा वेळ खुर्च्यांखाली वाकण्यात गेला.

शेवटची मुलगी उठली. बारीक अंगाची, पण आवाज असा खणखणीत की कापूस फुकट गेला. शहरातल्या सगळ्या कुलूपवाल्यांच्या वह्या तिने वर्षभर तपासल्या होत्या. कोणत्या वारी किती लोक किल्ली हरवून दुकानात येतात, याचा तिने हिशेब मांडला होता. पडद्यावर सात खांब उभे राहिले. गुरुवारचा खांब इतरांच्या दुप्पट. बुधवारी खांबच नाही.

"बुधवारी शून्य किल्ल्या," मुलगी म्हणाली. "याचा अर्थ, आठवड्याच्या मध्यावर माणसाचं चित्त कमालीचं एकाग्र असतं. त्या एकाग्रतेचा शीण गुरुवारी येतो आणि विसरभोळेपणा दुप्पट होतो."

परीक्षकांनी माना डोलावल्या. एकाने बुधवारीच परीक्षा घ्याव्यात असं लिहूनही घेतलं.

कुलूपवाल्याने पायाची बोटं बुटात आवळली. छताचे पंखे मोजले. पुन्हा मोजले. मागून बायकोचा खोकला आला, तो ठसक्याचा नव्हता. पण सव्वीस वर्षांच्या धंद्याचा असा खुळखुळा होताना बघणं त्याच्याने होईना. त्याचा हात वर गेला.

"बाळ, बुधवारी आमची दुकानं बंद असतात. सगळ्यांचीच. साप्ताहिक सुट्टी."

मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

"मग बुधवारी ज्यांच्या किल्ल्या हरवतात..."

"ते गुरुवारी येतात. रात्र शेजाऱ्याकडे काढतात आणि सकाळी माझं शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू वह्या बघितल्यास. आम्हाला विचारलं नाहीस."

मुलगी रडेल असं त्याला वाटलं. तिने खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी चुकले.' मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही नसता तर मी हे छापायला पाठवलं असतं."

आयुष्यात पहिल्यांदा दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यातल्या एकालाही दार उघडून नको होतं. मामा त्याला हयातभर ठोंब्या म्हणाले. मान ताठ करून बसावं की खाली घालावी, हे त्याला कळेना.

वकीलसाहेब कागद घेऊन पुढे आले. विभागप्रमुख बाईंनी डोळे मिटले. परीक्षकांपैकी एकाने शंका काढली की चूक समजणं म्हणजे शास्त्र समजणं धरावं का, पण त्याला कुणीतरी कोट ओढून खाली बसवलं.

"समजलं का?" वकिलांनी विचारलं.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंही. समोर ती मुलगी पडद्यावरच्या गुरुवारच्या खांबावर बोटाने काट मारत उभी होती.

"समजलं," तो म्हणाला आणि सही केली.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढेच चालत होती. मोठ्या रस्त्यावरची ती रिकामी जागा आली, तशी तो दुसरीकडे बघत चालू लागला. काहीतरी समजूत घालावी म्हणून त्याने दोनदा घसा खाकरला. दुसऱ्या कोपऱ्यावर ती थांबली.

"अहो, म्हणजे बुधवारीही लोकांच्या किल्ल्या हरवतातच ना?"

"हरवणारच की."

"आणि अख्ख्या शहरात एकही दुकान उघडं नसतं?"

बुधवार हा त्याचा दिवसभर लोळण्याचा वार होता, लग्नाच्या आधीपासूनचा. त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य ती बोलायच्या आधीच त्याला समजलं.