फ्रिजचा सूर

"बाबा, फ्रिज गप्प का आहे?"

तपासनीस सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होते. हातातला कानतुटका कप त्यांनी ओट्यावर ठेवला आणि हसू मिशीत दाबत म्हणाले, "दुरुस्त करून घेतला. काल माणूस येऊन जुनी मोटर काढून घेऊन गेला, नवी बसवून गेला. आता कान लावलास तरी ऐकू यायचा नाही. म्हटलं, तुमच्या गाण्यात कटकट नको."

लेकीने हातातला जुना कॅसेट रेकॉर्डर हळूच टेबलावर ठेवला. तिचा मित्र लांब्या गिटार घेऊन ओट्याला टेकला होता, तो तसाच घसरत खाली बसला. आणि उलट्या बादलीवर ताल धरणारी या दोघांची मैत्रीण, जिला सगळे बादलीच म्हणायचे, तिने कपाळावर हात मारला.

या तिघांचा पहिला अल्बम याच स्वयंपाकघरात झाला होता. एक माइक, एक बादली, आणि होईल ते एका दमात. तपासनिसांनी तो एकदाच ऐकला होता. कपबशांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचा सारा जन्म पेन्सिलीने कप वाजवून बघण्यात गेलेला. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर बाजूला. अल्बम संपल्यावरही त्यांनी सवयीने निकाल देऊन टाकला होता, "फुटका माल आहे. तुमच्यापेक्षा आपला फ्रिजच जास्त ऐकू येतो." तेव्हापासून लेक त्यांना काही म्हणता काही ऐकवत नव्हती. बोलायची, पण कामापुरतं. हे त्यांना आतून खात होतं, म्हणून तर दुरुस्तीचा घाट घातला होता.

"काका," लांब्या कळवळून म्हणाला, "अहो, फ्रिज आमच्यातलाच होता."

"म्हणजे काय?"

"मी गिटार त्याच्याच आवाजाला लावतो. तो सुरू झाला की गाणं सुरू, तो हादरून बंद पडला की गाणं बंद. शेवटी आतल्या बाटल्या खडखडतात ना, तिथे लोकांच्या अंगावर काटा येतो."

"बाटल्यांनी?"

"स्टुडिओतलं चकचकीत गाणं ऐकलं की कुणीतरी नटूनथटून भेटायला आल्यासारखं वाटतं. आमचं ऐकलं की वाटतं, आपल्याच घरात पलीकडच्या खोलीत कुणीतरी गातंय."

"तरी मी सांगत होते, चालत्या वस्तूला हात लावू नका," आई भांडी पुसता पुसता म्हणाली. "पण ऐकतील तर शपथ!"

दुसऱ्या अल्बमचं शेवटचं एकच गाणं राहिलं होतं. कॅसेट संध्याकाळी प्रती काढायला पाठवायची होती आणि मोटर तर कालच भंगारात गेली होती. लेक ओरडली असती तर तपासनिसांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. "असू दे बाबा. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," एवढं बोलून ती माइकची वायर गुंडाळायला लागली. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी डोळे मिटले. तोंड बंद ठेवून, नाकातून, बेंबीच्या देठापासून आवाज काढला. "हंऽऽऽऽ..."

लेकीने वर पाहिलं. लांब्याने एक तार छेडली. आवाज आवाजात विरघळला.

"अगं, हा तोच आहे! तोच!" लांब्या उडालाच. "काका, तुम्हाला कसा जमला?"

"इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवतोय," तपासनीस ओशाळून म्हणाले.

लेकीने वायर पुन्हा सोडली. तपासनिसांना फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभं केलं. पोट आत घ्यायला लावलं.

"बाबा, मधेच श्वास ऐकू येता कामा नये. फ्रिज श्वास घेत नाही."

"मी जोरात बादली वाजवते ना, तेव्हा घेऊन टाका," बादली म्हणाली.

"आणि बाटल्या मी हलवते," आई म्हणाली. पदर खोचून ती फ्रिजच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

रेकॉर्डरचं बटण खट्कन दाबलं गेलं. तपासनीस सुरू झाले. गिटार आली, बादली आली, मग लेकीचा आवाज आला, नेहमीसारखा किंचित घोगरा. हे गाणं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं.

*आमच्या घरी धड कप एक नाही,*
*कुणाला कान नाही, कुणाला चीर.*
*पास झालेले बाबा जगाला देतात,*
*नापास सगळे घरी आणतात.*

फ्रिजचा आवाज थरथरला. सावरला. पुन्हा थरथरला, आणि बादलीची वाट न बघता मधेच चक्क तुटला. मग एक हुंदका गिळून कसाबसा पुढे चालू लागला. शेवटी तपासनीस खांदे गदागदा हलवून बंद पडले आणि आईने बाटल्या अशा खडखडवल्या की एक आडवी झाली.

"फ्रिजला गहिवरून आलं की काय?" बादली कुजबुजली.

तपासनीस फटीतून अर्धे बाहेर आले. डोळे लाल झाले होते, सदरा जळमटांनी भरला होता. "चुकलं माझं. फुटका निघाला. परत घेऊ, आता नीट करतो."

लेकीने कॅसेट काढून मुठीत घट्ट धरली.

"मुळीच नाही," ती म्हणाली. "आणि आई, यांना दुरुस्त करायला कुणी आलंच, तर दारातूनच परत पाठव."