स्लॅबवरचे ठसे

मेहरूणच्या साइटवर मी सगळ्यांना सेफ्टी बूट वाटले. तरी सगळे चपलांवरच. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्यात तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर बुटाचा ठसा उमटला. स्लॅब भरून बारा दिवस झाले होते, काँक्रीट दगडासारखं झालेलं. मी वैतागून तो ठसा बुजवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे आणखी एक. मग रोज एक पाऊल, लिफ्टच्या उघड्या खड्ड्याच्या दिशेने. तिथे कठडा लावा म्हणून मी महिनाभर ओरडतोय.

स्लॅबवर पाणी मारणाऱ्या द्रौपदाबाई म्हणाल्या, "साहेब, आठे साइटवर बूट तुम्हीच घालतस."

मी चिडून डावा बूट काढला आणि त्यांच्यापुढे उलटा धरला. "डाव्या पायाच्या ठशात टाचेला भोक आहे. इथे आहे का?"

नव्हतं. त्या पाणी मारत राहिल्या.

आज सकाळी वर येताना शटरिंगच्या फळीतला खिळा बुटाच्या तळातून माझ्या डाव्या टाचेत घुसला. फळ्यांचे खिळे काढा, हेही रोजच सांगतो. शिव्या घालत तो उपटला आणि लंगडत खड्ड्यापाशी गेलो.

आजचा ठसा अगदी काठावर होता. चवड्याला जागाच उरली नव्हती. काँक्रीटवर फक्त डावी टाच उमटली होती, भोकासकट.