एकच पट्टा

भर समुद्रात शिडाच्या होडीचा बाविसावा दिवस. दोघंच, तो आणि ताई. एकानं वर सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं खाली झोपायचं. लाटेनं ओढून नेऊ नये म्हणून होडीला बांधून घ्यायचे पट्टे दोन होते, पण एकाचा हूक वादळात तुटला. तेव्हाच ताईनं दटावलं, "खाली आलास की पट्टा माझ्या हातात, मग पाठ टेकायची. कळलं?" "हो, आजीबाई," तो हसला. आज पहाटे तो खाली उतरला आणि ओल्या कपड्यांनिशीच कलंडला. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. "अगं, उठवायचं नाही का?" म्हणत तो वर धावला. सुकाणू एकटंच डुलत होतं, ताई नव्हती. पट्टा त्याच्याच अंगावर होता. एक बकल तिनं हळूच सोडवलं होतं; दुसरं त्यानं झोपेत मुठीत आवळून धरलं होतं, तळहातावर वळ उमटेपर्यंत.